घुंऽऽ कुठून येतं? जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा पॉवर सप्लाय उलगडताना

माझ्या मामेभावाने न्यू जर्सीतलं घर विकताना तळघर आवरलं आणि त्यातला एक जड ठोकळा पुण्याला माझ्याकडे पाठवून दिला. निकेल चढवलेली चासी, वर जाळीचा पिंजरा, आत तीन दणकट ट्रान्सफॉर्मर. डायनाको स्टिरिओ ७०. फिलाडेल्फियात डेव्हिड हाफ्लरच्या कंपनीने १९५९ साली हा अँप्लिफायर काढला. ९९.९५ डॉलर मोजायचे, सुटे भाग घरी न्यायचे आणि पुस्तिका वाचत स्वतः जोडायचे. म्हणून दोन स्टिरिओ ७० उघडले तर आतले सोल्डरचे डाग सहसा सारखे दिसत नाहीत. माझ्या नगाचे डाग तर कुणी मेणबत्तीवर दिले असावेत असे होते.

लावला तेव्हा गाणं आलं, पण गाण्याच्या खाली सतत घुंऽऽ. चार जणांना विचारलं, चौघांनी व्हॉल्व्ह बदलायला सांगितलं. नव्या व्हॉल्व्हच्या किमती ऐकल्यावर मी बुधवार पेठेतल्या एका रेडिओवाल्या काकांकडे गेलो.

"काका, व्हॉल्व्ह गेले असतील का?"

"अरे, टाकीत गाळ साचलाय आणि तू नळ बदलायला निघालास," काका म्हणाले. "आधी सप्लाय मोज. मग माझ्याकडे ये."

काकांची उपमा शब्दशः खरी आहे. इनपुटला दिलेलं गाणं नुसती तोटी कमीजास्त फिरवतं. स्पीकरपर्यंत जी ताकद पोहोचते ती सगळी पॉवर सप्लायच्या टाकीतली असते. पुढे जे लिहितोय ते स्टिरिओ ७० समोर ठेवून, पण त्या काळातल्या बहुतेक व्हॉल्व्ह अँप्लिफायरना लागू पडेल. जुन्या माणसांनी ठरवलेला प्रत्येक आकडा कशासाठी आहे हे कळल्याशिवाय तो बदलायचा नाही, एवढं एक पथ्य मी पाळतो. ते पथ्य कसं लागलं तेही येईल पुढे.

कागदावर वाट काढा

सोल्डरिंग गन नंतर. आधी एक मोठा कागद घ्या आणि वीज ज्या वाटेने जाते ती वाट स्वतःच्या हाताने काढा.

प्लगपासून फ्यूज आणि स्विचमार्गे वीज पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. त्याच्या उच्चदाबाच्या गुंडाळीला मधोमध एक टोक आहे, ते चासीला. मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना ३६० व्होल्ट एसी. ही दोन टोकं जीझेड३४ या रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या, व्हॉल्व्हच्या दोन प्लेटांना जातात. त्याच्या कॅथोडवर डीसी मिळतो, तो पहिल्या कंडेन्सरवर, म्हणजे ३० मायक्रोफॅरडवर. पुढे १.५ हेन्रीचा चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी, आणि दुसरा कंडेन्सर, २० मायक्रोफॅरड. इथून चारही ईएल३४ना, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हना, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्गे पुरवठा. मग ६.८ केचा (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर आणि तिसरा कंडेन्सर. त्यानंतर २२ केचा रेझिस्टर आणि चौथा. हे शेवटचे दोन टप्पे ड्रायव्हर व्हॉल्व्हसाठी, म्हणजे इनपुटचं गाणं वाढवून ईएल३४ना देणाऱ्यांसाठी. चारही कंडेन्सर एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवलेले, ५२५ व्होल्टचे.

याच ट्रान्सफॉर्मरवर हिटरच्या गुंडाळ्या आहेत: रेक्टिफायरला ५ व्होल्ट, बाकीच्यांना ६.३. आणि उच्चदाबाच्या गुंडाळीतून काढलेलं एक छोटं टोक, ज्यावरून बायसचा, म्हणजे ईएल३४चा करंट आवरून धरणारा, उणे दाब तयार होतो. ही शेवटची वाट सगळ्यात बारीक दिसते आणि सगळ्यात महाग नुकसान तीच करते.

हात घालण्याआधी कंडेन्सर रिकामे करा

प्लग काढला म्हणजे वीज गेली असं धरू नका. पहिल्या कंडेन्सरवर सव्वाचारशे-साडेचारशे व्होल्ट असतात. चारही मिळून सुमारे ७ ज्यूल ऊर्जा साठते. आकडा लहान वाटतो, पण एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर मधे छाती आहे. व्हॉल्व्ह जागेवर आणि गरम असतील तर ते स्वतःच ही ऊर्जा ओढून घेतात. व्हॉल्व्ह काढून तपासणी करत असाल तर ती तशीच बसून राहते, कारण या सर्किटमध्ये ती जिरवायला वेगळा रेझिस्टर दिलेला नाही.

२२ केचा, निदान ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टोपणाच्या क्लिपा लावा. एक क्लिप आधी चासीला, दुसरी कंडेन्सरच्या टोकाला, एका हाताने. दुसरा हात खिशात. दहा-पंधरा सेकंद थांबा, मग मीटरने मोजा. शून्याजवळ आला तरी क्लिप काढल्यावर पुन्हा मोजा. इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे आत ओलं रसायन असलेला, कंडेन्सर रिकामा केल्यावरही थोडा थोडा चढतो, वीस-तीस व्होल्टपर्यंत. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. त्याने कंडेन्सरचं आतलं जोडकाम जातं आणि बघणारा दचकून दुसरीकडे हात लावतो.

भिंतीतले व्होल्ट

अमेरिकी सेट म्हणजे ११७ व्होल्टचा. आपल्याकडे स्टेप-डाउन, म्हणजे दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लागतो, आणि तो घेताना दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, किती वॅटचा. हिशेब सोपा आहे. चार ईएल३४चे हिटर प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे जवळपास ३८ वॅट. ड्रायव्हरचे दोन व्हॉल्व्ह सहा वॅटच्या आत. रेक्टिफायरचा हिटर ५ व्होल्ट, १.९ अँपिअर, साडेनऊ वॅट. उच्चदाबाच्या बाजूला नुसतं चालू असताना साधारण २०० मिलिअँपिअर, म्हणजे नव्वदच्या आसपास वॅट. ट्रान्सफॉर्मरची स्वतःची घट धरून दीडशेच्या बरंच वर जातं. म्हणून ३०० व्हीएच्या खालचा स्टेप-डाउन घेऊ नका. मिक्सरसाठी म्हणून विकला जाणारा हलका डबा तासाभरात तापतो.

दुसरी गोष्ट, तो २३० वरून किती देतो. ११० देणारा आणि १२० देणारा, दोन्ही मिळतात. मी ११०चाच घेतो. आमच्या भागात रात्री साडेनऊनंतर मीटर २४५ दाखवतो. तेव्हा ११०चा स्टेप-डाउन बरोबर ११७ देतो. १२०चा असेल तर तोच १२८च्या जवळ जातो, आणि ३६० व्होल्टच्या गुंडाळीवर ३९०च्या पुढे मिळायला लागतात. दिवसा २३० असताना ११०वर हिटरला ५.९ व्होल्ट मिळतात, ६.३च्या दहा टक्के आत, चालतं.

आणखी एक कारण आहे. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्याच दाबाला ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर वीस टक्के जास्त चुंबकीय ताण येतो. दाब थोडा कमी ठेवला की ताण तेवढा उतरतो. तरीही ट्रान्सफॉर्मर अमेरिकेत होता त्याहून थोडा जास्त गरम राहणारच.

दोन पिनची वायर काढा, तीन पिनची घाला आणि अर्थची तार चासीला वेगळ्या नटबोल्टने घट्ट बसवा. जुन्या अमेरिकी सेटमध्ये लाइन आणि चासी यांच्यामध्ये एखादा कागदी कंडेन्सर सापडतो. तो गळका झाला की चासीला हात लावणाऱ्याला करंट बसतो. काढून टाका.

पहिल्यांदा वीज देताना

वीज न देता मीटरने बघायचं ते आधी बघून घ्या. प्रायमरी काही ओहम दाखवते, उच्चदाबाच्या दोन्ही अर्ध्या भागांचे ओहम जवळपास सारखे हवेत, आणि कुठलीही गुंडाळी चासीला शॉर्ट नको. डब्याच्या बुडाशी रबर फुगलंय का, चिकट तपकिरी काही आलंय का तेही बघा.

मग सिरीज बोर्ड. पिवळा, तारेचा बल्ब हवा. एलईडीचा उपयोग नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून, शंभरचा बल्ब स्टेप-डाउनच्या आधी सिरीजमध्ये लावून स्विच द्या. क्षणभर चमकून बल्ब जवळजवळ विझला पाहिजे. पूर्ण पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा वायरिंगमध्ये शॉर्ट आहे, थांबा. पुढे सगळे व्हॉल्व्ह बसवल्यावर शंभरचा बल्ब कमी पडतो, तेव्हा दोन समांतर जोडा.

जीझेड३४ अजून बाहेरच ठेवा. तो नसला तरी बायसची बाजू चालू होते, कारण तिचं टोक रेक्टिफायरच्या आधीच निघालंय. प्रत्येक ईएल३४च्या सॉकेटमध्ये ५ नंबरच्या पिनवर, चासीच्या संदर्भात, उणे व्होल्ट मोजा. चारही ठिकाणी उणे तीसच्या आसपास किंवा त्यापुढे काही आलं पाहिजे आणि प्रीसेट, म्हणजे बायस कमीजास्त करायचा छोटा खुंटा, फिरवल्यावर सावकाश बदललं पाहिजे. एकाही पिनवर शून्य असेल तर जीझेड३४ला हात लावायचा नाही. तपासणी झाली की दोन्ही प्रीसेट सगळ्यात जास्त उणे होतील असे फिरवून ठेवा.

डब्यातले कंडेन्सर

साठ वर्षांच्या इलेक्ट्रोलायटिकला जपायचं की फेकायचं यावर लोक भांडतात. माझं मत फेकण्याच्या बाजूचं आहे, पण ज्याला मूळ माल ठेवायचाच आहे त्याच्यासाठी सावकाश चढवायची रीत सांगतो, कारण ती बहुतेक जण चुकीची करतात.

डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्ट कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर, लावून शून्यापासून हळूहळू वाढवायचं, हे ट्रान्झिस्टरच्या सेटला ठीक आहे. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर यातून काहीच साधत नाही. डिमरस्टॅट अर्ध्यावर असताना जीझेड३४चा हिटर इतका थंड असतो की तो करंटच सोडत नाही. कंडेन्सरवर शून्य. मग कुठेतरी दोन तृतीयांशाच्या आसपास तो जागा होतो आणि एकदम तीनशे व्होल्ट कंडेन्सरवर आदळतात. सावकाश चढवणं राहिलं बाजूलाच.

त्याऐवजी जीझेड३४ काढून त्याच्या जागी तात्पुरते सिलिकॉन डायोड लावा, डायोड आणि पहिल्या कंडेन्सरच्या मध्ये २२ केचा १० वॅटचा रेझिस्टर घाला, बाकी सगळे व्हॉल्व्ह बाहेर. आता डिमरस्टॅट वाढवा, पन्नास-पन्नास व्होल्टने, आणि प्रत्येक वेळी त्या २२ केच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. २२ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर गळती. गळती उतरत जाईपर्यंत तिथेच थांबा, मग पुढचा टप्पा. ४५०ला पुरे. दोन-तीन तास देऊनही गळती मिलिअँपिअरच्या खाली येत नसेल किंवा डबा हाताला कोमट लागत असेल तर तो गेलेला आहे.

मी डबा जागेवर ठेवला, दिसायला, आणि खालून त्याची सगळी टोकं सोडवून नवीन कंडेन्सर आत बसवले. जुन्याला समांतर नवा जोडायचा आळशीपणा करू नका. गळका कंडेन्सर नव्याच्या शेजारी बसूनही गळतच राहतो.

नव्यात अडचण व्होल्टची. दुकानात सहज मिळतो तो ४५० व्होल्टचा, आणि इथे तो चालत नाही. का ते पुढच्या भागात कळेल. ६८ मायक्रोफॅरडचे ४५० व्होल्टवाले दोन सिरीजमध्ये जोडले की ३४ मायक्रोफॅरड आणि ९०० व्होल्ट मिळतात. दोघांवर दाब सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येकाला समांतर २२० केचा १ वॅटचा रेझिस्टर द्यायचा. त्याचा वरचा फायदा असा की हेच दोन रेझिस्टर सेट बंद केल्यावर सगळे कंडेन्सर रिकामे करतात, तीन-चार मिनिटांत.

दुसरा मार्ग खास आपल्याकडचा. बोअरवेलच्या मोटरला लागतो तो ३६ मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्ट एसीचा रन कंडेन्सर. आत प्लास्टिकची फिल्म असते, वाळायचा प्रश्न नाही. ४४० एसी म्हणजे शिखराला ६२०च्या वर व्होल्ट, त्यामुळे इथे सुखाने राहतो. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. आकाराने मात्र औषधाच्या बाटलीएवढा, चासीच्या खाली मावेलच असं नाही. आणि घेताना रन कंडेन्सरच घ्या. स्टार्टचा वेगळा असतो, तो इलेक्ट्रोलायटिक असतो आणि सतत चालवायचा नसतो.

रेक्टिफायर, आणि माझी फसगत

जीझेड३४ महाग आहे. डायोड रुपयाला मिळतो. मी हुशारी केली: एका मेलेल्या व्हॉल्व्हचं बूड घेतलं, आत १एन४००७ डायोड बसवले आणि सॉकेटमध्ये खोचलं. हे कंडेन्सर बदलायच्या आधीचं, जुना डबा अजून कामात होता. रात्रीचे दहा वाजले होते. स्विच दिला, मीटर ५२०च्या वर गेला, आणि सात-आठ सेकंदांत डब्याच्या बुडातून फुस्स आवाज करून तपकिरी पाणी टेबलावर आलं. वास दोन दिवस गेला नाही. घरात मला विचारण्यात आलेले प्रश्न इथे लिहीत नाही.

झालं काय ते नंतर कागदावर मांडलं. ३६० व्होल्ट एसीचं शिखर ३६० गुणिले १.४१४, म्हणजे ५०९. ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना त्याहून थोडं जास्तच. डायोड पहिल्या क्षणापासून करंट सोडतो, पण ईएल३४ गरम व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात करंट ओढणारं कुणीच नाही, म्हणून कंडेन्सर थेट शिखरापर्यंत चढतो. जीझेड३४चा कॅथोड अप्रत्यक्ष तापतो, सावकाश. तो जागा होईपर्यंत ईएल३४ही जागे होत आलेले असतात, आणि दाब कधीच ५०९ला पोहोचत नाही. चालू असताना त्याच्या अंगावर आणखी पंधरा-वीस व्होल्ट उतरतात. ५२५ व्होल्टचा डबा ज्या माणसाने निवडला त्याने हा सावकाशपणा हिशेबात धरलेला होता. मी तो डायोड लावून काढून घेतला.

दुसरी चूकही त्याच बुडात होती. मधलं टोक चासीला असलेल्या या जोडणीत, एक डायोड चालू असताना दुसऱ्यावर उलटा दाब दुप्पट येतो, १०१८ व्होल्ट. १एन४००७ची मर्यादा १०००. डायोड लावायचेच असतील तर प्रत्येक बाजूला दोन सिरीजमध्ये.

मग आता? जीझेड३४ ठेवा. पण त्याच्या प्रत्येक प्लेटच्या वाटेवर दोन-दोन डायोड सिरीजमध्ये घाला. सावकाशपणा व्हॉल्व्हचा राहतो, आणि उद्या व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला तर डायोड ट्रान्सफॉर्मरला वाचवतात. जीझेड३४ऐवजी ५यू४ खोचायचा सल्ला मिळतो. तो थेट तापणारा आहे, म्हणून लवकर जागा होतो, चाळीसच्या वर व्होल्ट खातो आणि हिटरला १.९ऐवजी ३ अँपिअर मागतो. माझ्याकडून नको.

सेट बंद करून लगेच पुन्हा चालूही करू नका. रेक्टिफायर गरम, कंडेन्सर अर्धवट रिकामे, आणि करंटचा धक्का पूर्ण त्याच्या कॅथोडवर. मिनिटभर थांबलं तर काही बिघडत नाही.

खळखळ कशी उतरत जाते

५० हर्ट्झच्या विजेचे दोन्ही अर्धे वापरले की डीसीवर १०० हर्ट्झची खळखळ, म्हणजे दाबाचा चढउतार, उरते. पहिल्या कंडेन्सरवर ती किती? करंट भागिले खळखळीची वारंवारता गुणिले कंडेन्सर: ०.२ अँपिअर भागिले १०० गुणिले ०.००००३. उत्तर ६६ व्होल्ट, शिखरापासून दरीपर्यंत. प्रत्यक्षात थोडी कमी असते, पण एवढी दांडगी खळखळ तिथे खरोखर असते. पहिल्यांदा मोजणाऱ्याला वाटतं कंडेन्सर गेला.

आता चोक. १०० हर्ट्झला १.५ हेन्रीचा अडथळा ९४० ओहम, आणि २० मायक्रोफॅरडचा ८० ओहम. खळखळीचा अकरावा भाग पुढे जातो, सहा व्होल्ट. एवढी खळखळ आउटपुट व्हॉल्व्हला चालते, कारण पुशपुल जोडीत, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो अशा दोन व्हॉल्व्हमध्ये, ती दोन्ही बाजूंना सारखी येते आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकीला खोडते. जोडीतले दोन्ही व्हॉल्व्ह सारखा करंट ओढत असतील तरच, हे मात्र लक्षात ठेवा.

ड्रायव्हरला असं माफ नसतं. म्हणून ६.८ के आणि २० मायक्रोफॅरड: सहा व्होल्टचा पंच्याऐंशीवा भाग, ७० मिलिव्होल्ट. मग २२ के आणि २० मायक्रोफॅरड: आणखी पावणेतीनशेवा भाग, पाव मिलिव्होल्ट. चार टप्प्यांत ६६ व्होल्टचे पाव मिलिव्होल्ट झाले, आणि त्यासाठी लागला एक चोक नि दोन साधे रेझिस्टर. मला हा हिशेब फार देखणा वाटतो.

"मग पहिला कंडेन्सर मोठा घातला तर?" हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. जीझेड३४च्या माहितीपत्रकात पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे. कंडेन्सर मोठा झाला की तो शिखराच्या अगदी टोकालाच भरून घेतो, कमी वेळात, मोठ्या गचक्याने. सरासरी करंट तोच, पण गचका रेक्टिफायरच्या कॅथोडला सोलतो आणि ट्रान्सफॉर्मरची तार तापवतो. ३० ते ४० ठेवा.

दुसरा मात्र वाढवा. १.५ हेन्री आणि २० मायक्रोफॅरड मिळून २९ हर्ट्झला डुलतात, म्हणजे ऐकू येणाऱ्या खर्जातच. पखवाजाच्या थापेला सप्लायही मागे झोका घेतो. १०० मायक्रोफॅरडचे ४५० व्होल्टवाले दोन सिरीजमध्ये घालून ५० केले की ती डुलणी १८ हर्ट्झच्या आसपास सरकते, आणि खळखळ अकराव्याऐवजी अठ्ठाविसाव्या भागावर येते. मधे चोक असल्यामुळे रेक्टिफायरला याचा फारसा त्रास होत नाही. माझ्या सेटमध्ये सगळ्यात जास्त फरक याने पडला, आणि खर्च सगळ्यात कमी आला.

बायस

ईएल३४च्या ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीवर, उणे दाब नसेल तर व्हॉल्व्ह मोकाट करंट ओढतो, प्लेट लाल होते, आणि तुमचं लक्ष नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. हा उणे दाब मूळ सेटमध्ये सेलेनियमच्या रेक्टिफायरने तयार होतो, पत्र्यांच्या छोट्या चवडीसारखा दिसतो तो. सेलेनियम वयाप्रमाणे अशक्त होतं, दाब उतरतो, व्हॉल्व्ह तापत जातात. जळालं तर धूर विषारी, कुजलेल्या लसणासारखा. नाक चोंदलं असलं तरी कळेल.

तिथे १एन४००७ लावा, दिशा नीट बघून, आणि त्याच्या पुढचे दोन ५० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर नवे घाला. त्यांचं धन टोक चासीला जातं. रोजच्या सवयीने हात उलटा जातो, दोनदा बघा. नव्या डायोडमध्ये घट कमी, म्हणून उणे दाब थोडा वाढेल. प्रीसेटच्या आवाक्यात येतो.

आता जीझेड३४ बसवा, स्पीकर किंवा ८ ओहमचा डमी रेझिस्टर जोडलेला असू द्या, आणि दहा मिनिटं तापू द्या. प्रत्येक चॅनेलच्या दोन ईएल३४च्या कॅथोडखाली मिळून १५.६ ओहमचा एक रेझिस्टर आहे. त्यावर १.५६ व्होल्ट म्हणजे दोघांचे मिळून १०० मिलिअँपिअर. हा आकडा गमतीचा आहे: नव्या साध्या सेलचा दाब याच्या अगदी जवळ असतो, म्हणजे मीटर स्वस्तातला असेल तर आधी नवा सेल मोजून त्याचा खरेपणा बघता येतो.

पन्नास मिलिअँपिअर गुणिले चारशेच्या वरचे व्होल्ट, म्हणजे एका व्हॉल्व्हवर वीस-एकवीस वॅट. ईएल३४ची प्लेट २५ची. आपल्या रात्रीच्या २४५ व्होल्टमध्ये मी इतक्या काठावर राहत नाही, १.२५ व्होल्टवर ठेवतो, म्हणजे एकाला ४०. कानाला फरक मला तरी सापडलेला नाही.

दोघांना मिळून एक रेझिस्टर असल्याने एक ६५ आणि दुसरा ३५ ओढत असला तरी मीटर शंभरच दाखवतो. म्हणून मी प्रत्येक कॅथोडला वेगळा १० ओहमचा रेझिस्टर घातला. ४० मिलिअँपिअरला त्यावर ०.४ व्होल्ट मिळतात. माझ्या उजव्या चॅनेलवर तेव्हा कळलं, ०.५६ आणि ०.२५. जोडी जोडी नव्हतीच.

घुंऽऽ ओळखायचं कसं

५० आणि १०० हर्ट्झ हे एकाच स्वराचे, एका सप्तकाच्या अंतराने. दोन्ही पांढरी पाचच्या जवळ पडतात. त्यामुळे पेटीवर लावून फरक कळणार नाही, पोत ऐकायला हवा. ५०चं घुं मऊ आणि पोकळ असतं, दूरच्या पंपासारखं. १००चं खरखरीत, कडा असलेलं, माठात माशी अडकल्यासारखं.

खरखरीत असेल तर फिल्टर कंडेन्सर किंवा असमान जोडी. मऊ असेल तर अर्थचा फेरा (दोन वाटांनी जोडला गेलेला अर्थ), हिटरची वायर, इनपुटची केबल, किंवा बायसचा वाळलेला कंडेन्सर. बायसचा सप्लाय अर्ध्या लाटेचा असतो, त्याची खळखळ ५०चीच.

इनपुट शॉर्ट करून ऐका. गेलं तर दोष सेटच्या बाहेर. नाही गेलं तर सेट बंद करून त्या चॅनेलचा ड्रायव्हर व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा चालू करा. बायस स्वतंत्र असल्याने याने काही बिघडत नाही. घुं थांबलं तर दोष शेवटच्या दोन टप्प्यांत किंवा ड्रायव्हरमध्ये. चालूच राहिलं तर आउटपुटच्या जोडीत किंवा बायसमध्ये. माझं उजवीकडचं चालूच राहिलं. डावीकडच्या जोडीतला एक व्हॉल्व्ह इकडे, इकडचा तिकडे, असे अदलाबदल करून ०.४३ आणि ०.३८ची जोडी जमली, आणि घुं स्पीकरला कान लावल्याशिवाय ऐकू येईना. नवीन व्हॉल्व्ह एकही घेतला नाही.

ट्रान्झिस्टरचा सेट असेल तर

तत्त्व तेच, आकडे उलटे: व्होल्ट कमी, करंट जास्त. ८ ओहमला ३५ वॅट द्यायला शिखराला २४च्या जवळ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. एका चॅनेलला प्रत्येक बाजूचा सरासरी करंट अँपिअरभर, म्हणजे ४७०० मायक्रोफॅरडवर २ व्होल्टची खळखळ. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये गाणं असो नसो करंट बराचसा सारखा असतो. इथे गाण्याबरोबर शंभर पटीनेही बदलतो, त्यामुळे जोराच्या जागेला सप्लाय खाली बसतो. क्वाड या ब्रिटिश कंपनीने १९६७च्या ३०३ अँप्लिफायरमध्ये यावर ६७ व्होल्टचा रेग्युलेटेड, म्हणजे भार बदलला तरी दाब स्थिर ठेवणारा, सप्लाय दिला. १९६९चा जॉन लिन्स्ले हूडचा छोटा क्लास ए सेट (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टर पूर्ण चालू ठेवणारा) २७ व्होल्टवर सतत १.२ अँपिअर ओढतो, म्हणून तिथे खळखळ कमी ठेवणं हीच खरी डोकेदुखी. इथे डिमरस्टॅट आणि सिरीज बल्ब दोन्ही नीट उपयोगी पडतात. ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या, कमी व्होल्टच्या बाजूला करंटचा झटका सहसा बसणार नाही, पण अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा दोन टोकांवर पडला तर हात भाजेल.

शेवटचं मोजमाप

सगळं झाल्यावर सेट दोन तास चालू ठेवा आणि मग मोजा, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. भिंतीतले व्होल्ट, पहिल्या आणि दुसऱ्या कंडेन्सरवरचे, ड्रायव्हरकडचे, चारही कॅथोडचे, आणि ट्रान्सफॉर्मरवर तळहात पाच सेकंद टिकतो की नाही. हे सगळं एका चिठ्ठीवर तारखेसकट लिहून चासीच्या खालच्या पत्र्याला आतून चिकटवा. माझ्या सेटमध्ये ती चिकटवायला गेलो तेव्हा तिथे आधीच एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती, पेन्सिलीने लिहिलेली: दोन्ही चॅनेलचे बायसचे आकडे आणि खाली १९६३. माझी तिच्या शेजारी लावली.